वाढप्यांची पंगत

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, बेघर निवाऱ्यात महिन्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी मावशींचे वजन केले. गणपतीनंतर त्या दाखल झाल्या तेव्हापेक्षा ते पाच किलोने कमी भरले. डॉक्टरांनी काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केले. फरक पडला नाही. त्यांनी तपासणीच्या कागदावर लिहिले, 'अन्न घेत नाहीत.'

निवाऱ्याच्या वहीप्रमाणे मावशी रोज दुपारी जेवत होत्या. त्यांच्या नावापुढचा एकही रकाना रिकामा नव्हता. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारच्या खुणा माझ्या हातच्या होत्या.

निवारा नगरपरिषदेच्या जुन्या जकात नाक्यात आहे. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. पुढे रस्ता, मागे माडांच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे खाडीचे तोंड. एक संस्था तो चालवते. त्या दिवसांत तिथे सव्वीस माणसे राहत होती. आजारी पडल्यावर बोटीवरून उतरवलेले खलाशी, घरी परत न जाऊ शकणारे म्हातारे, वीटभट्टीचे काम सुटलेले एक जोडपे, किनाऱ्यावर फुगे विकणारा एक आंधळा माणूस आणि त्याची बहीण. सकाळी चहा-पाव, दुपारी साडेबाराला जेवण, संध्याकाळी सहाला दुसऱ्या एका मंडळाकडून खिचडीची पाकिटे येत.

वर्तमानपत्राच्या कचेरीत तीस वर्षे उपसंपादकाच्या टेबलावर काढून मी निवृत्त झालो आणि गावी आलो. गाव तिथून एसटीने पाऊण तासावर. दुपारच्या जेवणाला वाढायला माणसे हवीत असे कळले, म्हणून गेलो. वाढण्याचा अनुभव नव्हता, नोंदी ठेवण्याचा होता. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात वही माझ्याकडे आली. आठवड्यातले तीन दिवस माझे. उरलेल्या दिवशी दुसरी जोडी असे. वही एकच.

माझ्या जोडीला एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत, आणि त्याही सगळ्यांशी वर्गात बोलावे तशा बोलत. स्वयंपाक चाचा करीत. ते मुरुडचे. मालवाहू जहाजांवर वीस वर्षे ते भंडारी होते, म्हणजे जहाजावरचे आचारी. नंतर काही वर्षे आखातात एका कंपनीच्या भटारखान्यात. सव्वीस माणसांना ते 'लहान बोट' म्हणत. मीठ तळहातावर घेऊन अंदाज करीत आणि तो चुकत नसे.

व्यवस्थापिका तिशीच्या होत्या. त्यांना ताई म्हणायची पद्धत होती. भिंतीवर त्यांच्या अक्षरात चार नियम लावलेले होते. जेवण साडेबाराला. रहिवाशांनी स्वयंपाकघरात जाऊ नये. स्वयंसेवकांनी निवाऱ्याचे अन्न खाऊ नये. दोन वाजल्यानंतर शिजवलेले अन्न ठेवू नये. प्रत्येक नियमामागे काही घडलेले होते. तिसऱ्यामागे एक तक्रार होती, की वाढायला येणारेच डबे भरून नेतात. ती खरी होती की खोटी हे ठरले नाही, पण नियम झाला.

मावशी सत्तरीच्या, उंच, थोड्या वाकलेल्या. नागावला एका वाडीच्या कोपऱ्यात, पंपाच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. वाडी विकली गेली. नव्या मालकांनी तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायला घेतल्या. मावशी सोळा दिवस एसटी स्टँडवर झोपल्या आणि सतराव्या दिवशी कंट्रोलरने त्यांना निवाऱ्यात आणून सोडले. ही माहिती दाखल्याच्या कागदावर आहे. त्यांनी स्वतः त्याबद्दल तक्रारीचा सूर कधी काढला नाही.

येणाऱ्या प्रत्येकाला ताई पहिल्याच दिवशी एक काम देत. कोणाला झाडणे, कोणाला अंथरुणे उन्हात घालणे. मावशींना पाणी मिळाले. पिंपातून जग भरायचा, पंगत बसली की प्रत्येकाच्या पेल्यात ओतायचे, संपले की पुन्हा. हे काम त्या फार चांगले करीत. पेला अर्धा झाला की कोणी मागायच्या आत जग तिथे पोचलेला असे, आणि एक थेंब चटईवर सांडत नसे.

त्यांचे ताट पिंपाजवळ, रांगेच्या शेवटी मांडले जाई. पंगत उठेपर्यंत त्या उभ्याच असत. मग त्या आपल्या ताटावर दुसरे ताट पालथे घालून ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत. मी एकदा विचारले होते. 'मी नंतर,' असे त्या म्हणाल्या होत्या. मी खूण केली होती. ताट मांडले की खूण, ही माझी पद्धत होती.

दोन वाजता भांडी घासायला पायाने अधू असलेला एक खलाशी येई. कट्ट्यावर जे काही उरलेले असेल ते तो शेजारच्या म्हशींच्या बादलीत रिकामे करी. तोही मोजत असे. सव्वीस ताटे बाहेर गेली, सव्वीस घासून फळीवर आली. त्याचा आणि माझा आकडा रोज जुळत होता. दोन्ही नोंदी बरोबर होत्या. मधल्या तासाभराची नोंद कोणाकडेच नव्हती.

शनिवारी ताईंनी आम्हाला डॉक्टरांचा कागद दाखवला. जो अन्न घेत नाही त्याला निवाऱ्यात ठेवायचे नाही, असा संस्थेचा दंडक होता. अशा माणसाला जिल्ह्याच्या रुग्णालयात आणि तिथून घाटावरच्या एका वृद्धाश्रमात पाठवत. तीन आठवड्यांनी डॉक्टर खास मावशींसाठी पुन्हा येणार होते. तोवर वजन वाढले नाही तर पाठवणीच्या कागदावर सही करावी लागेल, असे ताई म्हणाल्या. कागद भरून तयार होता. सहीची जागा तेवढी रिकामी होती.

मावशींना हे सांगून झाले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तिकडे समुद्र आहे का. ताईंनी नाही म्हणून सांगितले. 'मग मी तिकडं काय करू,' असे मावशी म्हणाल्या होत्या. सोमवारी त्या बंदराजवळ सुकी मासळी निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसत, घटकाभर निवडायला हात लावत आणि परत येत. त्याखेरीज समुद्राशी त्यांचे काही काम असल्याचे कोणी पाहिले नव्हते.

दुपारी जेवत का नाही, असे ताईंनी सरळ विचारले होते. जेवते, नंतर जेवते, असे उत्तर आले. नंतर म्हणजे कधी? सगळ्यांचे झाल्यावर. उत्तर खरे होते आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या दिवशी नळावर हात धुताना बाई मला हळू आवाजात म्हणाल्या, "चाचांच्या हातचं चालत नसेल हो. जुन्या वळणाच्या आहेत. तोंडाने बोलणार नाहीत, पण खाणार नाहीत."

मी म्हणालो, तसे असेल असे वाटत नाही. बाईंनी विचारले, मग संध्याकाळची खिचडी त्या कशी खातात? तीही परक्याच हातची, मंडळाकडून आलेली. फरक एवढाच की ती चाचांनी केलेली नसते. पाकीट हातात मिळाले की मावशी पायरीवर बसून ते संपवीत, हे सगळ्यांनी पाहिलेले होते.

नळाच्या मागची खिडकी कोठीची. चाचा आत कांदे निवडत होते. ते दोन मिनिटांनी बाहेर आले आणि पातेले चुलीवरून उतरवले. त्या दिवशी आमटी अळणी होती. पूर्वी असे झाले नव्हते.

मंगळवारी चाचा आले नाहीत. ताप आहे, असा निरोप आला. स्वयंपाक बाईंनी केला. डाळ, भात आणि वांग्याची भाजी. घरी त्या दोघांचा स्वयंपाक करीत. सव्वीस जणांची वांगी एका कढईत मावली नाहीत, दोन खेपा झाल्या, दुसरी कच्ची राहिली. फुगेवाल्याने दोन घास खाल्ले, ताट चाचपून पाहिले आणि म्हणाला, "बाई, आज मला पण मावशीसारखं नंतर जेवावंसं वाटतंय." पंगत हसली. बाईही हसल्या.

मावशींचे ताट नेहमीप्रमाणे झाकून कट्ट्यावर गेले. बाईंनी वरचे ताट उचलून पाहिले. मग मला म्हणाल्या, "माझ्याही हातचं नाही."

गुरुवारी चाचा परत आले. तापाबद्दल विचारले तर म्हणाले, "ताप कसला. बघायचं होतं मला." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवले. "नाही ना जेवली? मग माझ्या हातात खोट नाही. खैर. पण म्हातारी तर उपाशीच ना. त्याचं काय केलं तुम्ही?"

मी काही केलेले नव्हते. कचेरीत असताना अशी बातमी टेबलावर आली असती तर मी विचारले असते की प्रत्यक्ष कोणी पाहिले. इथे प्रत्यक्ष कोणी पाहिलेले नव्हते, मीही नाही. माझी एसटी एक पंचवीसला असे. पंगत उठली की बाई निघत. चाचा मशिदीत नमाजाला जात आणि तिथूनच घरी जेवायला. दुसरी जोडीही दीडच्या आत बाहेर पडलेली असे. त्या गुरुवारी मी एसटी सोडली आणि वही घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तिथून कट्टा दिसतो.

एक वीसला पंगत उठली. मावशींनी ताट झाकून कट्ट्यावर ठेवले. जग विसळला, पालथा घातला. चटई गुंडाळली नाही, तिची एक कड झटकून सरळ केली. मग ताटाशेजारी, भिंतीला टेकून, जमिनीवर बसल्या. हात मांडीवर. नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. दीड वाजला. पावणेदोन झाले. त्या एकदा उठल्या, दारापर्यंत गेल्या, उंबऱ्याच्या अलीकडूनच आत डोकावल्या आणि परत येऊन बसल्या. आत कोणी नव्हते.

दोनला पाच मिनिटे असताना खलाशी लंगडत आला. मावशींनी ताट स्वतःच उचलून त्याच्या हातात दिले.

"मावशी, आज पण भूक न्हाय?"

"भूक हाय रे," मावशी म्हणाल्या. "आज पण कोणी बसलं न्हाय."

खलाशाने ताट बादलीत रिकामे केले. रोजचेच बोलणे असावे तसा तो पुढच्या भांड्याकडे वळला. मी उठून मावशींजवळ गेलो आणि विचारले, कोण बसले नाही.

"तुमीच," त्या म्हणाल्या. "वाढपी."

पुढचे त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितले. मी ते त्याच दुपारी लिहून काढले आणि नंतर त्यांना वाचून दाखवले. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या.

चाळीस वर्षे त्या एका आचाऱ्याच्या हाताखाली वाढायला जात होत्या. नागावच्या आसपासच्या वाड्यांमधली लग्ने, बारशी, पूजा. आधी पाहुणे जेवत, मग घरचे. सगळ्यांची ताटे उचलली, चुलीवर पाणी मारले, की वाढप्यांची पंगत बसे. आचारी तिच्यात असे. ज्याने त्या दिवशी काहीही वाढले, मग ते मीठ असो की पाणी, तो वाढपी. त्याने आधी जेवायचे नाही आणि एकट्याने तर नाहीच. एकदा एक मुलगी भूक लागली म्हणून मागच्या दारी बसून जेवली. तिला पुढच्या लग्नाला नेले नाही. पुढे टेबलांवर पातेली मांडायची पद्धत आली, माणसे आपल्या हाताने घेऊ लागली आणि वाढप्यांची गरज उरली नाही. पण हे सांगताना त्या अडखळल्या नाहीत. ती वस्तुस्थिती म्हणून त्यांनी सांगितली.

निवाऱ्यात पहिल्या दिवशी ताईंनी त्यांच्या हातात जग दिला. म्हणजे त्या वाढपी झाल्या. त्या वाढप्यांची पंगत बसण्याची वाट पाहू लागल्या. संध्याकाळच्या पाकिटाचे तसे नव्हते. तिथे पंगत नव्हती, वाढणे नव्हते, त्यामुळे ते खायला हरकत नव्हती.

"पहिले चार-आठ दिवस वाटलं, घाईत असतील माणसं," मावशी म्हणाल्या. "मग वाटलं, आत बसत असाल. स्वयंपाकघरात. मला आत यायचं न्हाय असं भिंतीवर लिवलंय ना. म्हटलं, बोलावतील."

मी सांगितले की आत कोणी बसत नाही. आम्ही सगळे घरी जाऊन जेवतो. त्यांना हे पटायला वेळ लागला.

"आणि आचारी?"

"तेही घरी."

"मग इथं शेवटी कोण जेवतं?"

कोणी नाही, असे मी म्हणालो.

एक गोष्ट विचारणे भाग होते, कारण ती बोलली गेली होती. चाचांच्या हातचे खायला काही हरकत आहे का, असे मी विचारले. असे कोणी सांगितले, हे मावशींना जाणून घ्यायचे होते. मी नाव सांगितले नाही.

"वालाला त्यांचा हात हाय," त्या म्हणाल्या. "वासावरून कळतं. आमटी बी चांगली. पण तुमी ती ढवळत न्हाय. दारापासून सुरू करता, वरचं पाणी सगळं दाराला जातं आणि गाळ खिडकीला. खिडकीतले तिघं रोज भात तसाच टाकून उठतात. ते त्यांचं न्हाय. ते तुमचं."

हे मी नंतर तपासले. बरोबर होते. मी रोज दारापासून सुरू करीत होतो.

त्याच दुपारी ताईंना सांगितले. ताईंनी सगळे ऐकून घेतले आणि भिंतीकडे पाहिले. स्वयंसेवकांनी निवाऱ्याचे अन्न खाऊ नये. हा नियम बदलायचा तर संस्थेला पत्र, संस्थेची बैठक, तिचा ठराव. महिना कुठेच गेला नाही. डॉक्टर दोन आठवड्यांनी येणार होते. ताईंना दुसरा मार्ग सोपा वाटला. मावशींकडून पाणी काढून घ्यायचे. पाणी नाही तर वाढपी नाही, वाढपी नाही तर पहिल्या पंगतीत बसायला हरकत नाही. मलाही ते योग्य वाटले.

शनिवारी जग वीटभट्टीवरच्या बाईकडे गेला. मावशींना सांगितले की तुम्ही आता बसा, तुमचे वय झाले. मावशी चटईवर बसल्या. कडव्या वालाचे बिरडे होते. वाल त्यांनीच आदल्या दिवशी व्हरांड्यात बसून सोलले होते. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. तेवढ्यात त्यांच्या समोरच्या पेल्यात पाणी काठोकाठ भरून चटईवर सांडले. पुढच्या पेल्याकडे कोणी पोचलेच नव्हते आणि फुगेवाला हात पुढे करून पेला शोधत होता. मावशी उठल्या. त्यांनी डाव्या हाताने जग घेतला, त्या बाईला बस म्हणून खुणावले आणि रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. ताट झाकून कट्ट्यावर गेले. त्यात दोन घास कमी होते.

चाचा दारात उभे राहून हे पाहत होते. पंगत उठल्यावर ते ताईंपुढे आले.

"ताई, तिच्या हातातलं काम काढू नका. आम्ही बसू."

ताईंनी नियम दाखवला.

"ते वाचलंय मी," चाचा म्हणाले. "निवाऱ्याचं खाऊ नये, हेच ना? आम्ही आपला डबा आणू. बसू नये असं कुठं लिहिलंय?"

ताईंनी चारही नियम पुन्हा वाचले. तसे लिहिलेले नव्हते.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जहाजावर सगळ्यांना वाढून झाले की भंडारी भटारखान्यात उभ्याने जेवतो. कारण बसायला जागा नसते आणि सोबत कोणी नसते. "वीस वर्षं उभ्यानं खाल्लं," ते म्हणाले. "घरी बायको म्हणते, बसून जेवायची सवयच नाही तुम्हाला."

अडचण वेळेची राहिली. चाचा नमाज करून परत येईपर्यंत दोनला दहा मिनिटे कमी असत. जेवायला बसेपर्यंत दोन. चौथा नियम आडवा येत होता. त्यांनी मशिदीत जाऊच नये असे कोणी सुचवले नाही. मावशी म्हणाल्या, आचारी येईपर्यंत थांबायचे असते, थांबू. शेवटी ताईंनी पेन घेतले, भिंतीवरच्या कागदावर 'दोन' खोडून वर 'तीन' केले आणि बाजूला आद्याक्षरे टाकली. तेवढा वेळ आमटी मंद आचेवर ठेवायची, असे ठरले. दुसऱ्या जोडीला मी फोन केला. ती दोघे बँकेत काम करून निवृत्त झालेली होती. डबा आणायला त्यांची हरकत नव्हती.

मंगळवारी पहिली पंगत एक वीसला उठली. वाढताना मी आमटी ढवळली आणि खिडकीपासून सुरुवात केली. खिडकीतल्या एकाने वर पाहिले आणि भात आणखी मागितला.

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही बसलो. चाचा, बाई, मी, खलाशी आणि मावशी. खलाशाला मावशींनी बोलावले. भांडी घासणारा वाढप्यांतच धरतात, असे त्या म्हणाल्या. त्याने पहिल्या पंगतीत अर्धे पोटच जेवून ठेवले होते, कारण त्याला सकाळीच कळले होते. चटई मावशींनी आडवी घातली. वाढप्यांची पंगत रांगेत नाही, गोल बसते. आमटी आणि भाताची पातेली मधे. इथे कोणी कोणाला वाढायचे नाही, ज्याने त्याने घ्यायचे. पण आम्हा डबेवाल्यांना त्याचा उपयोग नव्हता. पातेल्यांतले फक्त मावशी आणि खलाशी घेणार होते. आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात पोळी आणि दुधी, बाईंच्या डब्यात दहीभात, चाचांच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी.

मावशींनी आधी सगळ्यांचे पेले भरले. मग बसल्या. भात घेतला, त्यात आळे केले, आमटी ओतली. चाचांनी अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली, वर चिमूटभर चटणी. स्वयंसेवकाचे अन्न रहिवाशाने खाऊ नये, असा नियम नव्हता. मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला.

"चटणी कोणी केली? तुमी?"

"बायकोने."

"तिला सांगा, लसूण आणखी चालली असती."

बाई डब्यातला दहीभात चमच्याने ढवळत होत्या. त्या चाचांना म्हणाल्या, "त्या शनिवारी नळावर मी जे बोलले..."

"बाई, आधी जेवा," चाचा म्हणाले.

बाई जेवल्या. थोड्या वेळाने मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, त्या दिवशीची वांगी कच्ची होती."

"तुम्ही खाल्लीच कुठे?"

"दिसत होती."

खलाशाला ठसका लागला. मावशींनी हात लांब करून त्याचा पेला भरला, पण उठल्या नाहीत. पाऊण तास गेला. त्या एका पंगतीत पोटभर जेवल्या असे म्हणता येणार नाही. आमटीभात संपवला, पुन्हा घेतला नाही. पण ताट त्यांनी रिकामे केले, आणि त्या दिवशी बादलीत त्यांच्या ताटातले काही गेले नाही. मी त्यांच्या नावापुढे खूण केली. यावेळी ताट उचलल्यावर. माझी दोन चाळीसची एसटीही चुकली. पुढची सव्वातीनला होती.

आधीच्या सगळ्या खुणा चुकीच्या होत्या, असे मी वहीत त्या पानाखाली लिहिले आणि खाली सही केली. पुढच्या पानापासून एक रकाना वाढवला. आधी 'ताट मांडले' आणि 'भांडी' असे दोनच होते. मधे 'जेवले' आला.

त्यानंतर रोज दोनच्या पुढेमागे ती पंगत बसू लागली. बँकेतली जोडी त्यांच्या दिवशी बसे. एका बुधवारी त्यांना लवकर निघायचे होते, तेव्हा ताई स्वतः डबा घेऊन आल्या. दुसऱ्या आठवड्यात वीटभट्टीवरच्या बाईने विचारले की तिने पाण्याला हात लावला तर तिलाही मागच्या पंगतीत बसता येईल का. मावशींनी तिला एक दुपार जग धरायला दिला, किती सांडते ते पाहिले आणि अजून नाही म्हणून सांगितले. त्या बाईने ते मनावर घेतले. ती मोकळ्या वेळी व्हरांड्यात पिंपाशी उभी राहून रिकाम्या पेल्यांत पाणी ओतताना दिसे.

ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, डॉक्टर आले. वजन करण्याआधी मावशींनी कमरेची चाव्यांची जुडी काढून ठेवली. नागावच्या खोलीची चावी अजून तिच्यात होती. काट्याची सुई मागच्यापेक्षा सव्वा किलो पुढे गेली. डॉक्टरांनी काटा शून्यावर आणून पुन्हा पाहिले. तेवढेच भरले. त्यांनी विचारले, काही औषध चालू केले का. ताई म्हणाल्या, नाही.

तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिले, 'अन्न घेतात.' ताईंनी पाठवणीचा कागद आडवी रेघ मारून फाइलीत लावला. मावशींनी विचारले, म्हणजे आता जायचे नाही ना. ताई म्हणाल्या, नाही. मावशी जग भरायला गेल्या. साडेबाराला बारा मिनिटे होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वाढप्यांची पंगत दोन वाजून दहा मिनिटांनी बसली. सहा जण होते, सहावी वीटभट्टीवरची बाई. वालाचे बिरडे होते. वहीतली नोंद अशी आहे. मावशी जेवल्या, भात दोनदा घेतला.